उभ्या पिकावर नांगर फिरवून बंड का मोडत नाही? अफगाणिस्तानातील अफू आणि तालिबान

आपल्या प्रश्नाचा गाभा मी आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर भरकटणार नाही. आपण विचारले आहे की, तालिबानची बंडखोरी अफूच्या पैशावर पोसली जात होती हे साऱ्या जगाला ठाऊक होते, तर अमेरिका आणि तिच्या मित्रदेशांनी वीस वर्षांत ते पीक नष्ट का केले नाही? पुढे सत्तेवर आल्यावर त्याच तालिबानने २०२२ मध्ये एका फर्मानाने ते जवळजवळ बंद करून दाखवले, तेव्हा पाश्चात्त्यांनी हे काम मनावरच घेतले नव्हते असे समजायचे का? आणि भारतात मंदसौर-नीमचकडे सरकारी परवान्याने अफू पिकते, तसा परवाना अफगाण शेतकऱ्याला का दिला गेला नाही, असेही आपण शेवटी विचारले आहे.

मी सैनिकी विश्लेषक नाही. निफाड तालुक्यातल्या कांद्याच्या शेतात वाढलेला मी एक कृषितज्ज्ञ आहे आणि २००५ ते २०१२ या काळात आधी पूर्वेकडील नांगरहार व नंतर दक्षिणेकडील हेलमंड प्रांतात अफूला पर्यायी पिके आणि सिंचन या विषयांवर मी काम केले. त्यामुळे पुढे जे सांगतो आहे ते शेताच्या बांधावरून दिसलेले आहे. छावणीतून किंवा राजधानीतून पाहणाऱ्याला त्यातले काही वेगळे दिसले असेल, हे मी मान्य करतो.

आपल्या प्रश्नात एक गृहीतक दडलेले आहे आणि माझ्या मते सगळी गफलत तिथेच होते. बंडखोरी म्हणजे पैसा, आणि अफू म्हणजे तो पैसा, तेव्हा अफू जाळली की बंडखोरी आपोआप विझेल, असे ते गृहीतक आहे. पैसा महत्त्वाचा आहे यात शंका नाही. परंतु अफूच्या पट्ट्यात राहणाऱ्या बंडखोराला पैशापेक्षा मोलाची अशी आणखी एक गोष्ट मिळते, ती म्हणजे शेतकऱ्याचा पाठीराखा होण्याची संधी. सरकार ज्या पिकावर नांगर फिरवू पाहते त्या पिकाच्या आड बंदूक घेऊन उभा राहणारा माणूस त्या गावाला आपला वाटू लागतो. मग त्याला रात्री भाकरी मिळते, निवारा मिळतो आणि सरकारी तुकडी कोणत्या वाटेने निघाली ही खबरही मिळते. सरकारला मात्र त्याच गावातून काहीही कळेनासे होते. बंडखोरीचा बीमोड मुख्यतः खबरांवर होतो, आणि पीक मोडण्याच्या मोहिमेत सरकार नेमका तोच झरा आटवून बसते.

हे कसे घडते ते समजण्यासाठी शेतकऱ्याचा हिशोब पाहावा लागेल. २००७ च्या शरदात, पेरणीच्या तोंडावर, मी नांगरहारमधल्या खोग्यानी जिल्ह्यातील एका घरी बसलो होतो. घरमालकाकडे चार जरीब जमीन होती, म्हणजे एक हेक्टरही नाही (पाच जरिबांचा एक हेक्टर होतो), आणि खाणारी तोंडे चौदा. त्याने कोनाड्यातून एक नश्तर काढून मला दाखवले. लाकडी मुठीत बसवलेली चार बारीक पाती, मूठ हाताच्या घामाने काळी पडलेली. संध्याकाळी बोंडाला या पात्यांनी चिरा द्यायच्या, रात्रभर चीक पाझरू द्यायचा आणि पहाटे तो खरवडून घ्यायचा, असे एकेका बोंडावर तीन-चार वेळा करावे लागते. हेक्टरी साडेतीनशेच्या आसपास मनुष्यदिवस या पिकाला लागतात. गव्हाला त्याच्या एक पंचमांशही लागत नाहीत. म्हणजे ज्यांना स्वतःची जमीन नाही अशा शेकडो मजुरांची हंगामी मजुरी याच पिकावर अवलंबून असते, आणि वाटेकऱ्याला जमीनमालक जमीन देतो तीही बहुधा अफू लावण्याच्या बोलीवरच.

त्या माणसाने आदल्या हिवाळ्यात एका व्यापाऱ्याकडून ‘सलाम’ घेतला होता. सलाम म्हणजे येणाऱ्या पिकावरची आगाऊ उचल. व्यापारी पेरणीच्या वेळी बाजारभावाच्या जवळजवळ निम्म्या दराने पैसे देतो आणि काढणीनंतर ठरलेल्या वजनाचा माल उचलतो. आपल्याकडच्या सावकारीशी हे जुळते, पण त्यात एक जीवघेणा फरक आहे. हे कर्ज रुपयांत मोजलेले नसून अफूच्या वजनात मोजलेले असते. सरकारने बंदी घातली की पीक येत नाही, भाव भडकतो आणि देणे मात्र तितक्याच वजनाचे राहते. ते पैशांत फेडायचे म्हटले तर रक्कम दुपटी-तिपटीने वाढलेली असते. तालिबानने आधीच्या सत्ताकाळात घातलेल्या पहिल्या बंदीच्या वेळी हे सर्वांत भयंकर रूपात दिसले. २००० मध्ये काढणीच्या वेळी किलोला तीस डॉलरच्या आत असलेला भाव २००१ मध्ये तीनशेवर गेला, आणि कर्जदारांचे देणे दहापट झाले. अशा देण्यापोटी मुली द्याव्या लागलेली घरे मला प्रत्यक्ष माहीत आहेत, त्यामुळे ‘बंदी’ हा शब्द आजही मी सहज उच्चारू शकत नाही.

मी त्याच्याशी कांद्याबद्दल बोलत होतो. हवा, पाणी, जमीन सगळे अनुकूल होते आणि जरिबामागे चांगले उत्पन्न निघेल असा माझा हिशोब होता. त्याने तो शांतपणे ऐकून घेतला आणि विचारले, “तुमचा कांदा किती दिवस थांबतो?” मी म्हणालो, नीट सुकवून हवेशीर चाळीत ठेवला तर पाच-सहा महिने. तो उठला, आतून एक पत्र्याची पेटी आणली आणि प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला काळसर गोळा माझ्यासमोर ठेवला. “हे तर्याक तीन वर्षे थांबते,” तो म्हणाला. तर्याक म्हणजे अफू. ओल्या गवतासारखा त्याचा उग्र वास खोलीभर पसरला होता. ती पेटी म्हणजे त्याची बँक होती, मुलीच्या लग्नाची तरतूद होती आणि आजारपणातला विमाही होता. कांदा जलालाबाद शहराच्या बाजारापर्यंत न्यायचा तर गाडी लागते, रस्ता लागतो आणि रस्त्यावरच्या प्रत्येक नाक्यावर पोलिसाच्या हातावर काहीतरी ठेवावे लागते; अफूचा व्यापारी दारात येऊन वजन करून पैसे मोजून जातो. लासलगावचा भाव पडल्यावर माझ्या वडिलांचा चेहरा कसा होत असे हे मला आठवले, आणि माझा कागदावरचा हिशोब या माणसापुढे किती अपुरा आहे हे मला त्या दिवशी कळले.

आता या घराच्या दारात सरकार कोणत्या रूपात येत होते ते पाहू. २००१ नंतर अंमली पदार्थविरोधी कामाचे पुढारपण ब्रिटनकडे आले. त्यांनी २००२ मध्ये पीक स्वतः मोडणाऱ्यांना रोख भरपाई देऊ केली. पैसा मधल्या हातांत जिरला, ज्यांना मिळाला नाही ते संतापले आणि भरपाई मिळेल या आशेने पुढच्या हंगामात आणखी लोकांनी अफू पेरली. त्यानंतर अमेरिकेच्या आग्रहाने जबरदस्तीने पीक मोडण्याचा काळ सुरू झाला. एका बाजूला राज्यपालांच्या हाताखालचे पोलीस आणि दुसऱ्या बाजूला केंद्राचे खास दल असे दोघेही ट्रॅक्टर घेऊन शेतांत उतरू लागले. अधिकृत अहवालात इतके हेक्टर क्षेत्र नष्ट केले असे छापले जाई. बांधावरून दिसणारे दृश्य निराळे होते. ट्रॅक्टर येणार असे कळले की पाट फोडून शेतात पाणी भरून ठेवायचे, म्हणजे चाके रुततात, ही युक्ती गावोगाव ठाऊक होती. ज्याचा भाऊ पोलिसांत आहे किंवा ज्याने मलिकामार्फत, म्हणजे गावच्या पुढाऱ्यामार्फत, पैसे पोहोचवले आहेत त्याचे शेत वाचत असे. ट्रॅक्टर फिरत असे तो रस्त्यालगतच्या, ओळख नसलेल्या, गरीब वाटेकऱ्याच्या पिकावर, आणि तोच सर्वांत जास्त कर्जात बुडालेला असे.

हे सरकार स्वतः या धंद्याबाहेर होते असेही नाही. हेलमंडचे राज्यपाल शेर मोहम्मद अखुंदजादा यांच्या कार्यालयात २००५ मध्ये सुमारे नऊ टन अफू सापडली. आपले सैन्य तिथे उतरण्याआधी त्यांना हटवावे, असा ब्रिटिशांनी आग्रह धरला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस ते गेले. पुढे एका मुलाखतीत त्यांनी स्वतःच सांगितले की, माणसांना पगार देता येईना म्हणून आपण त्यांतील तीन हजारांना तालिबानकडे जाऊ दिले. २००६ च्या वसंतात ब्रिटिश सैनिक हेलमंडमध्ये आले तेव्हा पीक मोडण्याची मोहीम चालू होती. गावकऱ्यांनी या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या नाहीत. परदेशी लोक आपले पीक मोडायला आले आहेत, एवढाच अर्थ त्यांनी घेतला. आम्ही तुमच्या पिकाचे रक्षण करू, असा निरोप तालिबानने पाठवला तेव्हा त्याला पैसे मोजावे लागले नाहीत. जी जागा त्याने घेतली ती सरकारनेच रिकामी करून ठेवली होती.

इथे पैशाचा मुद्दा मी टाळतो आहे असे वाटू नये. तालिबान शेतकऱ्याकडून ‘उश्र’ म्हणजे पिकाचा दहावा हिस्सा घेत असे, जरी प्रत्यक्षात तो पुष्कळदा त्याहून कमी आणि रोखीत ठरवला जाई. शिवाय व्यापाऱ्यांकडून, हेरॉइन बनवणाऱ्या भट्ट्यांकडून आणि वाहतुकीवरही वसुली होती. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या निरीक्षकांनी २०१२ मध्ये तालिबानच्या एका वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज ४० कोटी डॉलर असा केला, तेव्हा त्यात अफूचा वाटा सुमारे १० कोटी धरला होता. बाकीचा पैसा कुठून येत होता? इराणच्या सीमेवरून येणारे डिझेल, ट्रकमधला माल, खाणी, परदेशी देणग्या, आणि आमच्यासारख्यांच्या प्रकल्पांवर काम करणारे कंत्राटदारसुद्धा. रस्ता बांधणाऱ्याने वाटा दिला नाही तर रस्ता होत नसे. गडचिरोलीत तेंदूपानाच्या हंगामात ठेकेदारांकडून नक्षलवादी वसुली करत, हे आपण वाचले असेल. तेंदूपान हा कायदेशीर माल आहे. तरीही त्यावर वसुली होत असे, कारण बंदूकधारी माणूस त्या वाटेवर उभा असे. सशस्त्र गट त्याच्या हद्दीतून जे वाहते त्यावर हात ठेवतो. एक प्रवाह आटवला तर तो दुसऱ्यावर हात ठेवतो, आणि आटवताना गावाचे मन तेवढे त्याच्याकडे ढकलले जाते.

अडीच वर्षे हेलमंडमध्ये काढल्यानंतर मला जे सर्वांत अधिक शिकायला मिळाले ते ‘फूड झोन’ या योजनेतून, म्हणून त्यावर थोडे थांबतो. राज्यपाल गुलाब मंगल यांच्या काळात २००८ पासून हेलमंड नदीच्या काठच्या कालव्याच्या पट्ट्यात शेतकऱ्यांना गव्हाचे बियाणे आणि खत द्यायचे, अफू लावू नका असा जोरदार प्रचार करायचा आणि तरीही लावली तर मोडायची, अशी ती योजना होती. सोबत हजारो परदेशी सैनिक त्या भागात उतरले. २०१० च्या फेब्रुवारीत हेलमंडमधल्याच मारजा भागात तालिबानविरुद्ध मोठी मोहीम झाली. आकडे छान दिसू लागले. हेलमंडमधील अफूखालचे क्षेत्र २००८ मध्ये सुमारे १,०३,००० हेक्टर होते, ते २००९ मध्ये ७०,००० च्या आत आले. त्यात त्या वर्षीच्या गव्हाच्या चढ्या भावाचा वाटा मोठा होता, पण श्रेय योजनेला मिळाले.

मी त्या वेळी बोग्रा कालव्याच्या आसपास पाण्याच्या वाटपाचे काम पाहत होतो. कालव्याच्या दक्षिणेला जुनी ओलिताची शेती आणि उत्तरेला ‘दश्त’ म्हणजे उजाड माळरान. एके दिवशी कालव्याच्या भरावावर उभा असताना मला दिसले की, माळरानावर पूर्वी नसलेल्या मातीच्या भिंती उभ्या राहत आहेत. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. कालव्याच्या पट्ट्यात जमीनमालकाने गहू लावला. गव्हाला फारसे मजूर लागत नाहीत, म्हणून वाटेकऱ्यांची त्याला गरज उरली नाही. बियाणे आणि खताची पोती मालकाला मिळाली. जमीन नसलेल्याला काहीच मिळाले नाही. ती कुटुंबे बिछाने, शेळ्या आणि दाराच्या चौकटी घेऊन कालवा ओलांडून गेली, थोडक्या पैशांत माळाचा तुकडा घेतला, खोल बोअर मारला आणि पहिले पीक अफूचे लावले, कारण बोअरचे कर्ज फेडू शकेल असे दुसरे पीकच नव्हते. डिझेल महाग पडते म्हणून पुढच्या काळात त्याच माळावर सौर पंपांच्या रांगा आल्या.

त्या माळावर सरकार नव्हते. शाळा, दवाखाना, न्यायनिवाडा यांपैकी सरकारचे काहीही तिथे पोहोचले नव्हते. पोहोचत होती ती कधीमधी पीक मोडणारी तुकडी. तंटे सोडवायला तालिबानचा काझी होता आणि त्या तुकडीला अडवायला तालिबानचे लोक. ज्या योजनेला आम्ही यश म्हणत होतो तिने सरकारवर राग धरलेली हजारो कुटुंबे एका ठिकाणी गोळा करून तालिबानच्या स्वाधीन केली होती. परदेशी सैन्य माघारी जाऊ लागले तसे क्षेत्र पुन्हा चढले. २०१३ मध्ये हेलमंड एक लाख हेक्टरांवर गेले आणि २०१७ मध्ये १,४४,००० वर. मारजा आणि आसपासचे जिल्हे तालिबानच्या हाती जाऊ लागले तेव्हा त्या माळाची बाजू कोणती असेल, हे मला कोणी सांगण्याची गरज नव्हती. ती योजना आखणाऱ्यांत वाईट हेतूचे लोक नव्हते. मी स्वतः तिच्या बाजूने टिपणे लिहिली होती आणि त्यांत भूमिहीन वाटेकऱ्याचा वेगळा विचार केला नव्हता, याची खंत मला आजही आहे.

इथवरचे थोडक्यात असे: पीक मोडल्याने बंडखोराचा पैसा बेताचाच घटतो, कारण भाव वाढतो, साठे असतात आणि वसुलीच्या इतर वाटा असतात; पण शेतकऱ्याचे कर्ज आणि राग मात्र खात्रीने वाढतो, आणि त्यातून बंडखोराला लोकांचे पाठबळ मिळते. अमेरिकेच्या लक्षात हे उशिरा का होईना आले. तत्पूर्वी, २००७ मध्ये, कोलंबियाप्रमाणे विमानातून तणनाशक फवारण्याचा आग्रह धरला गेला होता आणि अध्यक्ष करझाई यांनी तो मानला नाही, हे फार बरे झाले. २००९ मध्ये अमेरिकेचे विशेष दूत रिचर्ड होलब्रुक यांनी पीक मोडण्याच्या मोहिमेला अमेरिकेचा पाठिंबा थांबवत असल्याचे जाहीर केले आणि ती शेतकऱ्यांना तालिबानकडे ढकलते असे उघड सांगितले. भर मग व्यापारी आणि साठ्यांवर आला. हे धोरण अधिक शहाणपणाचे होते, पण त्यातही छोटे, ओळखी नसलेले व्यापारी पकडले गेले आणि बड्यांची पकड घट्ट झाली. २०१७ च्या नोव्हेंबरपासून भट्ट्यांवर हवाई हल्ले झाले. लोखंडी पिंपे, चुली आणि दाबयंत्र एवढाच ज्यांचा संसार, त्या भट्ट्यांवर अतिशय महागडी विमाने धाडली गेली. २००२ ते २०१७ या काळात अमेरिकेने अफगाणिस्तानात अंमली पदार्थविरोधी कामावर ८.६२ अब्ज डॉलर खर्च केले, आणि २०१७ मध्येच अफूखालचे क्षेत्र ३,२८,००० हेक्टर या उच्चांकावर पोहोचले होते. तेव्हा मनावर घेतले नव्हते असे म्हणता येत नाही. घेतले होते, पण चुकीच्या टोकाकडून.

मात्र हे सर्वत्र असेच घडते असा दावा मी करणार नाही; परिस्थितीवर बरेच अवलंबून असते. कोलंबियात फार्क ही बंडखोर संघटना सरकारच्या लष्करी दबावामुळे खरोखर खिळखिळी झाली आणि २०१६ मध्ये करारावर आली, पण त्याचे कारण कोकाची, म्हणजे ज्यापासून कोकेन बनते ती, पिके संपली हे नव्हते. करारानंतरच्या वर्षांत कोकाचे क्षेत्र उलट वाढले. पेरूमधील वरच्या हुआयागा खोऱ्यात १९८९ मध्ये जनरल आर्सिनिएगा यांनी कोका पिकवणाऱ्यांना हात लावायचा नाही आणि फक्त ‘शायनिंग पाथ’च्या बंडखोरांशी लढायचे असे ठरवले, तेव्हा शेतकऱ्यांनी त्यांना खबरा दिल्या आणि बंडखोर मागे हटले, त्यांची बदली झाल्यावर चित्र फिरले. थायलंडच्या उत्तरेकडील डोंगराळ भागात सरकारने १९६९ पासून पर्यायी पिके, रस्ते, शाळा यांवर वर्षानुवर्षे काम केले, तिथली कम्युनिस्ट बंडखोरी १९८० नंतरच्या माफीने ओसरली आणि पीक मोडण्याचे काम त्यानंतर, १९८४ च्या सुमारास, नेटाने हाती घेतले. माझ्या दृष्टीने हा क्रम फार महत्त्वाचा आहे. नांगरहारमध्येसुद्धा जलालाबादजवळच्या सुर्ख रोद आणि बेहसूद या जिल्ह्यांत पाणी भरपूर आणि बाजार तासाभरावर असल्याने बंदीनंतर शेतकरी भाजीपाला आणि कांद्यावर तगले. अचीन, शिनवार, खोग्यानीच्या वरच्या खोऱ्यांत जमीन तुटपुंजी आणि पाणी बेताचे; तिथे २००८ ची बंदी दोन-तीन हंगाम कशीबशी टिकली आणि मग लोक सरकारविरुद्ध उठले. एकाच प्रांतात, एकाच आदेशाचे हे दोन परिणाम.

परवान्याबद्दल आपण विचारलेत ते योग्यच आहे. औषधांसाठी अफू पिकवू द्यावी असा प्रस्ताव २००५ च्या सुमारास अफगाणिस्तानसाठी मांडलाही गेला होता. मी मंदसौर आणि नीमचच्या बाजूला दोनदा जाऊन ती पद्धत पाहिली आहे. तिथे शेतकऱ्याच्या नावे पट्टा, म्हणजे परवाना, असतो, क्षेत्र मोजलेले असते, किमान उत्पादन दिले नाही तर पट्टा जातो आणि माल सरकारी केंद्रावर तोलून घेतला जातो. गावचा मुखिया, खात्याचे निरीक्षक आणि कायद्याचा धाक अशी सगळी साखळी जागेवर असतानाही तिथून थोडा माल चोरवाटेने जातोच, कारण चोरबाजाराचा भाव सरकारी भावाच्या कितीतरी पट असतो. ज्या जिल्ह्यात सरकारी मोजणीदार सूर्य मावळल्यावर थांबू शकत नाही तिथे ही व्यवस्था चालवायची कशी? सरकारने जितका माल उचलला असता तितकाच, किंबहुना अधिक, व्यापाऱ्यासाठी पलीकडच्या माळावर पेरला गेला असता. परवाना ही बळकट राज्यसंस्थेला परवडणारी गोष्ट आहे. राज्यसंस्था उभी करण्याचे साधन म्हणून ती चालत नाही, असे माझे मत आहे.

आता २०२२ च्या बंदीकडे येतो. ३ एप्रिल २०२२ रोजी तालिबानचे प्रमुख हिबतुल्ला अखुंदजादा यांनी ती जाहीर केली. २०२२ मध्ये २,३३,००० हेक्टर असलेले क्षेत्र २०२३ मध्ये १०,८०० हेक्टरांवर आले; त्यानंतरही ते त्याच आसपास राहिले आहे. हा आकडा खरा आहे, उपग्रहांच्या चित्रांतही दिसतो. हे त्यांना जमले कारण आता त्यांच्याविरुद्ध शेतकऱ्याचा पाठीराखा म्हणून उभा राहणारा दुसरा बंदूकधारी उरला नव्हता. गावोगावचे मार्ग, मुल्ला, मलिक यांची ओळख त्यांना आधीच होती, आणि प्रांताप्रांतात वेगवेगळ्या गटांचे सैन्य पोसण्याची अडचण नव्हती. अमेरिकेपुढे जी अडचण होती ती तालिबान स्वतःच होती. म्हणून अमेरिकेची मोहीम आणि ही बंदी यांची तुलना मला न्याय्य वाटत नाही.

तरीही किंमत कोणी मोजली ते पाहावे. अफू विकून शेतकऱ्यांना मिळणारे उत्पन्न २०२२ मध्ये सुमारे १३६ कोटी डॉलर होते, ते २०२३ मध्ये ११ कोटींवर आले. बंदीआधी शंभर डॉलरच्या घरात असलेला किलोचा भाव २०२४ च्या पूर्वार्धात सातशे डॉलरच्या वर होता. ज्याच्याकडे मोठी जमीन आणि जुना साठा होता त्याला बंदीने श्रीमंत केले. हेलमंड-कंदाहारमधले असे मोठे जमीनदार शांत राहिले याचे हे एक कारण आहे, आणि तालिबानचा आधारही त्याच भागात आहे. ज्याची पेटी पहिल्याच हिवाळ्यात रिकामी झाली, त्याचा मुलगा इराणला मजुरीला गेला. ईशान्येकडील बदख्शानमध्ये, जिथे जमिनी लहान आणि तालिबानची मुळे उथळ, तिथे २०२४ च्या मे महिन्यात आर्गो आणि दरायिम जिल्ह्यांत पीक मोडायला आलेल्या तालिबानी पथकांविरुद्ध लोक रस्त्यावर आले आणि गोळीबारात माणसे मेली. ते दृश्य मला नवे वाटले नाही. गणवेश तेवढे बदलले होते. दरम्यान २०२३ मध्ये म्यानमार अफूच्या उत्पादनात अफगाणिस्तानच्या पुढे गेला, आणि तिथल्या शान डोंगररांगांतले सशस्त्र गट त्यावर वसुली करतात.

२००१ मध्येही तालिबानची पहिली बंदी आकड्यांत अशीच चकित करणारी होती. ८२,००० हेक्टरांवरून क्षेत्र ८,००० वर आले होते. त्याच वर्षी शरदात अमेरिकी बाँब पडू लागले, तेव्हा नांगरहारच्या खोऱ्यांतून त्यांच्या बाजूने लढायला फारसे कोणी उठले नाही. कर्जात बुडालेल्या गावांनी त्यांना जाऊ दिले, असे तिथले वृद्ध मला सांगत. यावेळी मोठ्या जमीनदारांकडचे साठे अजून आहेत, त्यामुळे दक्षिणेत ती वेळ आलेली नाही. ते साठे संपतील तेव्हा गव्हावर आणि कापसावर तगू न शकणाऱ्या जमीनदाराचीही पेटी रिकामी होईल. म्हणून दर वर्षी क्षेत्राचे आकडे येतात तेव्हा मी हेक्टर नंतर वाचतो. आधी कंदाहारच्या बाजारातला किलोचा भाव पाहतो आणि मग बदख्शानची बातमी.